शेवंतीची झोप

रामदासपेठ, नागपूर
४ सप्टेंबर १९७३

ती. वहिनीस सा. न.

पोळ्याहून परतले ती थेट कॉलेजच्या कामाला जुंपले, म्हणून पत्राला आठ दिवस झाले. तुझ्या रक्तदाबाचं मी विसरलेले नाही. त्या दिवशी चुलीपाशी तू भिंत धरून उभी राहिलीस आणि मी पिशवीतलं यंत्र काढून दंडाला पट्टा बांधला, तेव्हा तू हसत होतीस. "दंड मोजून चोळी शिवते काय वं माझी?" पण आकडा हसण्यासारखा नव्हता. आमच्या इथल्या डॉक्टरांना मी तो सांगितला. त्यांनी दिलेल्या गोळ्या सोबत पाठवते आहे. रोज सकाळी जेवण झाल्यावर एक घ्यायची. घाबरण्यासारखं काही नाही. सर्पगंधेच्या मुळीतून काढलेलं औषध आहे, आपल्याच मातीतलं. मीठ कमी कर आणि लोणच्याची बरणी भैयाजींच्या हवाली कर.

आता माझं एक काम आहे. खोलीत उंदरांनी उच्छाद मांडला आहे. प्रबंधाच्या टिपणांची दोन पानं कुरतडून टाकली. एक्केचाळीसाव्या वर्षी पीएच.डी. करणारी बाई म्हणून कॉलेजात आधीच हसू होतं, त्यात उंदीर. तुझी शेवंती मला चार-पाच महिने देशील का? ती माणसाळलेली आहे, शांत आहे. मला तशीच हवी. भैयाजींना खापरखेड्याच्या कामावरून सुटी मिळाली की त्यांच्यासोबत पाठव.

तुझी,
वच्छा

*

खापा
१३ सप्टेंबर

चि. वच्छाले आशीर्वाद.

गोळ्या पोचल्या. घेऊन राहिली. तू पाठवल्या म्हणून घेते, नाहीतं मी अन् गोळी! लोणच्याची बरणी तुझ्या भैयाजीनं शिंक्यावर टांगली. माझा हात पोचत नाही तिथं. आता ते डूटीवर गेले का मी पाट घेऊन चढते.

शेवंतीले पाठवून राहिली. काल दिवसभर माझं मन लागलं नाही. पण तुझे कागद उंदरानं खाल्ले म्हंजे काय! तुझी माय गेली तेव्हा तू नऊ वर्साची होती, तेव्हापासून तुझे कागदच तं राखून राहिली मी. एक मांजर नाही देणार काय?

तिचं सांगून ठेवते. दूध कोमट लागते. कोंडून ठेवलेलं चालत नाही. मांडीवर येत नाही, मानी हाये. पण दोन कानांच्या मधात, डोस्क्यावर, खाजवलं का मेण होते. दुपारी दाण्याच्या पोत्यावर झोपते. आधी बसल्या बसल्या झोपते, मान सावरून, कीर्तनातल्या बुढ्यावानी. मंग एकाएकी मान लटकते, आंग सैल पडते, मिशा फुरफुर करतात अन् पंजे हलतात. तेव्हा तिले उठवू नोको. स्वप्नात राहते ती. उठवलं का दिवसभर रुसते.

अन् मांजराले कमीजास्त झालं तं सोन्याची मांजर करून काशीले दान द्या लागते, ठाऊक हाये ना? कुठून आणशील बाई एवढं सोनं! तं जपून.

टोपली मात्र वापस पाठवजो. बुरडाकडून मुद्दाम झाकणाची विणून घेतली, तिच्याचसाठी.

तुझी वहिनी,
मनकर्णा

*

रामदासपेठ, नागपूर
८ ऑक्टोबर

ती. वहिनीस सा. न.

शेवंती सुखरूप पोचली, रुळली. उंदीर दिसेनासे झाले. कोमट दूध मिळतं. दुपारी माझ्याजवळच झोपते.

तुझ्या पत्रातला तिच्या झोपेचा मजकूर मी दोनदा वाचला. वहिनी, तू चौथी शिकलेली. तू दाण्याच्या पोत्यापाशी बसून जे पाहिलंस, ते समजायला शास्त्राला यंत्रं लागली. मान सावरून घेतलेली ती साधी झोप. मान लटकते ती दुसरी. त्या दुसऱ्या झोपेत शरीराचे सगळे स्नायू सैल पडतात, पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात, आणि मेंदू मात्र जागा असल्यासारखा चालतो. यंत्राने कागदावर काढलेल्या मेंदूच्या रेघा पाहिल्या तर मांजर जागं आहे की झोपलं आहे, ओळखू येत नाही. माणसांना याच झोपेत स्वप्नं पडतात. मांजरांना पडत असतील, असं आम्ही अजून "कदाचित" लावून लिहितो. तू सरळ लिहिलंस.

माझा प्रबंध यावरच आहे. मेंदूच्या देठात काही रसायनं साठवलेली असतात. एकाच्या जोरावर साधी झोप चालते, दुसऱ्याच्या जोरावर स्वप्नाची, असा सध्याचा अंदाज आहे. एक औषध असं आहे की ते दोन्हींचे साठे रिते करतं. मग कोणतं रसायन परत दिलं की कोणती झोप परत येते, ते आम्ही कॉलेजातल्या मांजरांवर पाहतो. मांजरं दिवसाही झोपतात, त्यामुळे दहा ते पाच या कामाच्या वेळातच सगळं होतं.

दसऱ्याला येता आलं नाही. गोळ्या चालू ठेव.

तुझी,
वच्छा

*

खापा
१ नोव्हेंबर

चि. वच्छाले आशीर्वाद.

भाऊबीजेले काहून आली नाही वं? तुझे भैयाजी डूटी बदलून घरी थांबले होते. ताट वाढलेलं तसंच राहिलं. एका बसचा तं रस्ता. विलायतेत राहते काय तू?

माझं म्हणशील तं चक्कर येत नाही आता. पण नाक सदा चोंदलेलं राहते. सर्दी नाही, काही नाही. डोळ्यावर झापड राहते. अन् स्वप्नं! बाप्पा, इतके तं जन्मात पडले नाहीत. डोळा लागला का सुरू. एक तेच तेच पडते. आंगणात पानी भरलं, माझी खाट तरंगून राहिली. तू पलीकडच्या ओसरीवर बसून लिहून राहिली. मी आवाज देते, वच्छा, वच्छा. तू मान वर करत नाही.

उठते तं उशी ओली. परवा वांगे चिरता चिरता रडली. शेजारची रुख्मिणी म्हणे, "काकू, कांदा तं नाही, मंग रडून काहून राहिल्या?"

एखाद्या रविवारी येऊन जा. शेवंतीलेबी घेऊन ये. टोपली पाठवली नाही अजून.

मनकर्णा

*

रामदासपेठ, नागपूर
१२ नोव्हेंबर

ती. वहिनीस सा. न.

तुझं पत्र मिळालं. भाऊबीजेचं मनाला लागलं, पण प्रयोग ऐन भरात आहेत आणि एक दिवस चुकला तर आठवडा वाया जातो.

मन हळवं होणं हे त्या वयात होतं. दाब अजून पुरता उतरला नसावा, त्यानेही अस्वस्थ वाटत असेल. तू असं कर, एका गोळीऐवजी दोन घे. एक सकाळी, एक संध्याकाळी. शांत वाटेल. स्वप्नांचं फार मनावर घेऊ नकोस.

शेवंती मजेत आहे. टोपली तिची झोपायची जागा झाली आहे, म्हणून राहू दिली.

तुझी,
वच्छा

*

खापा
१४ डिसेंबर

चि. वच्छाले आशीर्वाद.

दोन गोळ्या घेऊन राहिली. हात जड झाले, म्हणून थोडंच लिहिते. दिवसभर बसून राहते. जेवा वाटत नाही. डोळे अर्धे मिटलेले राहतात. तुझे भैयाजी म्हणतात, झोपली काय? पण झोप नाही ते. कशाचीच गोडी नाही. तुळशीले पानी घालाचं राहून जाते.

शेवंती असती तं तिच्यासाठी दूध तापवाले तरी उठली असती. संक्रांतीले घेऊन येशील काय?

मनकर्णा

*

रामदासपेठ, नागपूर
४ जानेवारी १९७४

ती. वहिनीस सा. न.

संक्रांतीला जमणार नाही. तिळगूळ पाठवते आहे. शेवंती मजेत आहे, तिची काळजी नको. गोळ्या सोडू नकोस.

वच्छा

*

खापा
२१ जानेवारी

चि. वच्छला,

पत्र वाचल्याबरोबर निघ. काल मी पाळीवर असताना तुझी वहिनी नदीवर गेली. धुणं नव्हतं, कळशी नव्हती. पाणी कमरेपर्यंत आलं होतं तेव्हा रुख्मिणीनं पाहिलं. पदरात गोटे बांधलेले होते. रुख्मिणीनं हात धरला तं म्हणे, "सोड वं, माझी खाट तरंगून राहिली."

जीव वाचला. पण बोलत नाही. भिंतीकडे तोंड करून आहे. तू शिकलेली आहे, तूच सांग हे काय आहे. तिले काय कमी होतं, मले समजत नाही.

भैयाजी

*

रामदासपेठ, नागपूर
११ फेब्रुवारी

वहिनी,

तुझ्या उशाशी बारा दिवस बसले. आल्या आल्या गोळ्या बंद केल्या, डबी परसात ओतली, आणि तुला व भैयाजींना एवढंच सांगितलं की या औषधाने कधी कधी असं होतं. तुझे केस विंचरले, तुला भात भरवला. नवव्या दिवशी तू विचारलंस, "शेवंती कशी हाये?" मी म्हटलं, "आधी तू बरी हो." त्यानंतरच्या तीन दिवसांत मला सांगता आलं असतं. तू भिंतीकडची कूस बदलून माझ्याकडे पाहायला लागली होतीस, म्हणूनच सांगता आलं नाही. आता वीस-बावीस मैल मधे टाकून लिहिते आहे. हा भित्रेपणा मला दिसतो आहे.

भैयाजींनी लिहिलंय की तू आता स्वतः चूल पेटवतेस. म्हणून लिहायची हिंमत करते.

माझ्या खोलीत उंदीर नव्हते. कधीच नव्हते.

आमच्याकडे मांजरं पकडून आणणारा माणूस उन्हाळ्यातच गाव सोडून गेला. जी होती ती रानटी, अनोळखी माणसासमोर झोपत नव्हती. झोपेच्या प्रयोगाला झोपणारं मांजर लागतं. पोळ्याला तुझ्या घरी दुपारी शेवंती दाण्याच्या पोत्यावर आडवी झालेली पाहिली. तुझा दाब मोजत होते, आणि एक डोळा तिच्या मिशांवर होता. हे आज कबूल करते.

तिच्या डोक्यात आम्ही तारा बसवल्या. भूल देऊन, काळजीने. कवटीला छोटी भोकं पाडून आत बारीक तारा सोडतात आणि वर एक चौकोनी जोडणी घट्ट करतात, तिला यंत्राची वायर लागते. ती जोडणी दोन कानांच्या मधे येते. तू खाजवायला सांगितलं होतंस तिथेच.

आमच्याकडे प्राण्यांची देखरेख करणारे रामाजी आहेत, निवृत्तीला आलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी तिच्याकडे पाहून म्हटलं, "मॅडम, हे घरचं जनावर हाये. बोलावलं का वळून पाहते. नाव काय हो हिचं?"

मी म्हटलं, "सात नंबर."

"मंग बरं हाये," ते म्हणाले. "नाव असलं का हात कापते."

त्यानंतर ते तिला कोमट दूध देत राहिले. मी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपलं आपण ओळखलं.

तिला आम्ही जे औषध टोचलं, ते सर्पगंधेचं. तुझ्या गोळ्यांतलं तेच, नावानिशी तेच. मला सप्टेंबरात ते ठाऊक होतं आणि त्यात काही वावगं वाटलं नाही. मी तर कौतुकाने मनात म्हणत होते, बघा, एकच मुळी, माझ्या वहिनीलाही उपयोगी आणि माझ्या प्रबंधालाही.

आमच्या नोंदवहीत वीस नोव्हेंबरच्या पानावर माझ्या हातचं आहे: "मांजर क्रमांक ७. बसून राहते. खात नाही. डोळे अर्धवट मिटलेले. झोपेसारखी दिसते, पण झोप नाही." तुझं चौदा डिसेंबरचं पत्र आलं ते मी त्याच टेबलावर वाचलं, त्याच वहीवर ठेवून. तू काय लिहिलं होतंस ते आठवून बघ म्हणजे कळेल. अक्षर तेवढं वेगळं आहे. मजकूर एकच आहे. मांजराच्या बाबतीत मला तो कागदावरची एक रेघ पाहून समजत होता. तुझ्या बाबतीत मी लिहिलं, गोळ्या सोडू नकोस.

आणखी एक आहे. ते लिहिल्याशिवाय हे पत्र बंद करायचं नाही असं ठरवलं आहे. या औषधाने मांजराची स्वप्नझोप जाते, पण माणसात उलट ती वाढते, वाईट स्वप्नं पडतात, काहींची मनं इतकी खचतात की दवाखान्यात ठेवावं लागतं. हे मी वाचलेलं होतं. दिवाळीच्या सुटीत, एका परदेशी लेखात. निळ्या पेन्सिलीने खाली रेघ मारून बाजूला "मांजर व माणूस यांतला फरक, चर्चेत घेणे" असं टिपूनही ठेवलं होतं. तुझं खाटेच्या स्वप्नाचं पत्र त्याच आठवड्यातलं.

मग मला दिसलं कसं नाही? याचं उत्तर मी बारा दिवस तुझ्या उशाशी शोधत होते. अडाणीपणाचा बहाणा मला नाही. वहिनी, तुझी पत्रं मी नीट वाचतच नव्हते. उघडलं की आधी डोळे शेवंतीचा उल्लेख शोधायचे. तिथे काय खोटं लिहायचं ते ठरलं की बाकीचं नुसतं चाळायचं. तू "ये" म्हणायचीस आणि मला येण्याची धास्ती होती, कारण आले असते तर तू विचारलं असतंस. म्हणून दुसरी गोळी घ्यायला सांगितली. तुला शांत वाटावं म्हणून नाही. तू मला बोलवायचं थांबावंस म्हणून.

डिसेंबरात तिला दुसरं रसायन टोचलं आणि गेलेली स्वप्नझोप परत आली. यंत्राची पेनं कागदावर धावायला लागली, माझे मार्गदर्शक सर उठून उभे राहिले, मला म्हणाले, "बाई, जमलं." त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. सगळ्यात जास्त लाज मला त्या आनंदाची वाटते.

तीन जानेवारीला ती गेली. अशा प्रयोगात शेवटी मेंदू तपासावा लागतो, तारा नेमक्या कुठे होत्या ते पाहायला. भुलीचं औषध जास्त दिलं. तिला कळलं नाही असं आम्ही म्हणतो. रामाजींनी तिला हातांवर घेतलं होतं, तिने मान त्यांच्या तळव्यावर टाकली. तिच्या मेंदूचे पातळ काप काचेच्या पट्ट्यांवर आहेत. पेटीवर "७" लिहिलेलं आहे. दुसऱ्या दिवशी मी तुला लिहिलं, शेवंती मजेत आहे.

माफी मागत नाही. मागितली की देण्याचं ओझं पुन्हा तुझ्यावरच. सोन्याची मांजर काशीला नेऊन हे फिटेल असंही वाटत नाही. प्रबंधातून तिला वगळावं म्हटलं, तर ती उगीचच मेली असं होतं. ठेवावं म्हटलं, तर तिच्या जिवावर मी डॉक्टर होते. दोन्हीकडून माझंच तोंड काळं. मले काही सुचून नाही राहिलं वहिनी.

वच्छा

*

खापा
२८ मार्च

वच्छा,

तुझं पत्र दीड महिना पोथीखाली ठेवलं. वाचाची हिंमत एकदाच झाली, मंग रोज थोडं थोडं आठवत गेली.

आधी मले राग आला तो मांजराचा. तुझे भैयाजी म्हणे, "जाऊ दे, मांजर तं होतं." मी म्हटलं, तुम्ही चूप बसा. माझ्या घरात मी जिच्यासंग बोलत होती ती तीच होती. तुम्ही तं डूटीवरून येता अन् कांबळ ओढता.

मंग दुसरा राग आला. तू लिहिलं का मांजराचं कागदावरच्या रेघेवरून तुले समजत होतं अन् माझ्या पत्रावरून नाही समजलं. सहा मांजरं तुझ्याकडे आधीच होते. शेवंती सात नंबर. तं आठ नंबर मीच ना वं? मले तरी आधी दूध कोमट करून द्या लागत होतं.

हसून राहिली तं हास. मी लिहितानी थोडी हासली. पाच महिन्यात पहिल्यांदा.

आता हासणं झालं. नीट ऐक. मी तुले औषध मागितलं नव्हतं. पत्र काढून पाहाय. मी म्हटलं, येऊन जा. भाऊबीजेले म्हटलं, रविवारी म्हटलं, संक्रांतीले म्हटलं. मी डॉक्टरीणबाईले नव्हती लिहून राहिली. जिचे केस मी ती नऊ वर्साची होती तेव्हापासून विंचरले तिले लिहून राहिली होती. तिनं गोळी पाठवली.

नदीत मी काहून गेली ते मलेबी सांगता येत नाही. मरा वाटलं असं नाही. कोनाचंच काही वाटून नव्हतं राहिलं, ते संपवा वाटलं. आता वाटते. राग येते, भूक लागते, तुझ्या भैयाजीच्या घोरण्याचा कंटाळा येते. हे सगळं त्या गोळीनं नेलं होतं म्हणतेस तं त्या गोळीचं तू काही कर. दुसऱ्या बायाबी घेत असतीन. त्यायच्या नणंदा शिकलेल्या नसतीन.

एक विचारते. शेवटी शेवटी शेवंतीले स्वप्न पडलं काय? तू तं मशीनवर पाहत होती. खरं सांगजो. माझं मन राखाले सांगू नोको.

मनकर्णा

*

रामदासपेठ, नागपूर
३ एप्रिल

वहिनी,

नोंदवही समोर घेऊन लिहिते आहे, म्हणजे मनचं काही मिसळणार नाही.

शेवटची नोंद दोन जानेवारीची. अकरा वाजून दहा मिनिटांनी ती टोपलीत बसल्या बसल्या झोपली, मान सावरून. अकरा एकोणतीसला मान लटकली. मिशा हलल्या. डोळे फिरत होते. पुढचा उजवा पंजा तीनदा हलला. सात मिनिटं. मग ती आपली आपण जागी झाली. कोणी उठवलं नाही. नंतर उजवा पंजा चाटत बसली.

तिला काय दिसलं ते यंत्राला कळत नाही. मला काय वाटतं ते लिहिणार होते, पण वाटतं ते तुला लिहिण्याचा हक्क मी घालवला आहे. सात मिनिटं, एवढंच खात्रीचं.

आमच्या डॉक्टरांकडे गेले. तुझी दोन पत्रं नाव झाकून वाचून दाखवली. त्यांनी ऐकताना खिडकीकडे पाहिलं, मग म्हणाले, "नाक चोंदतं ते मी विचारत असतो. रडू येतं का, ते कधी विचारलं नाही." त्यांच्याकडे ही गोळी घेणाऱ्या चौदा बायका आहेत. एकेकीला बोलावून विचारताहेत. दोघींच्या गोळ्या बदलल्या. तुझ्याबद्दल प्रबंधात चार ओळी लिहायची परवानगी मागते. तू नाही म्हटलंस तर लिहिणार नाही.

शेवंतीला वगळलेलं नाही. तक्त्यात सातच्या पुढे तिचं नाव लिहिलं. सर म्हणाले, हे काय? मी म्हटलं, तिला नाव होतं. ते म्हणाले, परीक्षक हसतील. हसू देत.

तू खरं सांगायला सांगितलंस म्हणून हेही सांगते. मी आजही बसस्टँडपर्यंत जाऊन परत आले. दोनदा. खाप्याची पाटी लावलेली गाडी समोर उभी होती.

वच्छा

*

खापा
९ एप्रिल

वच्छा,

सात मिनिटं म्हणजे बरेच झाले. दाण्याच्या पोत्यावर तं कधी कधी तितकेबी नसत.

माझ्या चार ओळी लिही. नाव झाकू नोको. मनकर्णा, राहणार खापा.

आता पत्र बंद. तुझं पत्र आलं तरी मी फोडणार नाही. रविवारी सकाळच्या गाडीनं ये अन् माझी टोपली घेऊन ये. रिकामी हाये ते मले ठाऊक हाये. झोल्यात लपवून आणू नोको. स्टँडापासून घरापर्यंत हातात धरून आण, झाकण उघडं ठेवून. बाया विचारतीन, वच्छाबाई, मांजर कुठं हाये? ज्या विचारतीन त्यायले सांगजो.

मी ओसरीवर बसून राहीन. तुले दुरून दिसन. मान खाली घालून आली तरी चालते, पण ये.

मनकर्णा